रुग्णसेवा, प्रबंध आणि विश्रांती

पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी हा त्याच वेळी ससून सर्वोपचार रुग्णालयाचा निवासी डॉक्टरही असतो. एम. डी. अथवा एम. एस. पदवीच्या तीन वर्षांत बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण कक्ष आणि रात्रपाळी सांभाळून त्याला संशोधनही करावे लागते. त्यावरील प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर झाला पाहिजे, असा नियम आहे.

या दुहेरी जबाबदारीतील अडचण कामाच्या स्वरूपातच आहे. रुग्ण थांबू शकत नाही; प्रबंध मात्र उद्यावर ढकलता येतो. नैतिकता समितीची मान्यता, रुग्णांची संमती, नोंदी व विश्लेषण हे टप्पे एकामागून एकच पार पडतात. प्रारंभीचा विलंब अखेरच्या वर्षात साचतो आणि त्याची भरपाई झोपेतून व कुटुंबासाठीच्या वेळेतून केली जाते.

थकलेल्या डॉक्टरची झळ रुग्णासही लागू शकते. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १९८४ मध्ये एका तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली. भारतात केंद्र शासनाच्या जून १९९२ च्या निवासी योजनेने कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी सामान्यतः आठवड्याला ४८ तास निश्चित केले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत वाजवी कामाचे तास, साप्ताहिक सुटी व वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा यांची तरतूद आहे. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून अधिक व सलग २४ तासांहून अधिक काम नसावे, अशी शिफारस केली.

तथापि, नियमाला पाळीपत्रकाची जोड हवी. प्रबंधासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ पाळीपत्रकातच नोंदविणे, रात्रपाळीनंतर विश्रांती देणे आणि मार्गदर्शकाने दरमहा प्रगती तपासणे, हे उपाय विभागप्रमुखांना योजता येतील. विद्यार्थ्यानेही विषय निवडताना आपल्या कक्षात पुरेसे रुग्ण मिळतील असाच निवडावा. विश्रांती मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे शिक्षकांनी आपल्या वागण्यातून दाखविणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ शहरापुरता नाही. जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करतात. तेथे त्यांची निवासाची सोय नीट व्हावी, याकडे स्थानिक लोकप्रतिनिधींनी लक्ष द्यावे. किरकोळ आजारांवर प्राथमिक आरोग्य केंद्रातच उपचार होतील, याचा पाठपुरावा पंचायत सदस्यांनी केल्यास मोठ्या रुग्णालयांवरील भारही हलका होईल. उद्याचा तज्ज्ञ डॉक्टर सक्षम हवा असेल, तर त्याच्या आजच्या विश्रांतीची तजवीज संस्थेने आणि समाजाने मिळून केली पाहिजे.