आधी डीबगर तपासा

चार दिवस मी एका निर्दोष प्रोग्रामवर संशय घेत होतो. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा नवा बोर्ड हाती आला होता. त्यावर लिनक्स नव्हतं, म्हणून लॅपटॉपवरच्या जीडीबी या डीबगरशी बोलणारा छोटा ‘स्टब’ मी बोर्डासाठी लिहिला. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम नीट थांबायचा. पण काही ठिकाणांहून पुढे सोडला की पुढच्याच पावलाला ‘अवैध सूचना’ म्हणून कोसळायचा. त्या पत्त्यावर पाहावं, तर सूचना धडधाकट. ब्रेकपॉइंट काढला की सगळं सुरळीत. सहकारी मैत्रिणीला मी तिचा कोड दोनदा नव्याने लिहायला लावला.

चूक माझ्या स्टबमध्ये होती. ब्रेकपॉइंट लावणं म्हणजे मूळ सूचना बाजूला ठेवून तिथे ‘ईब्रेक’ ही थांबवणारी सूचना लिहिणं. रिस्क-फाइव्हमध्ये काही सूचना ४ बाइटच्या, तर काही संक्षिप्त, २ बाइटच्या असतात. मी सगळीकडे ४ बाइटचा ईब्रेक लिहीत होतो. २ बाइटच्या जागी तो बसला की शेजारच्या सूचनेवर सांडायचा. प्रोग्राम कोसळून थांबला की जीडीबी ब्रेकपॉइंट काढून घ्यायचा आणि मूळ बाइट जागेवर यायचे. म्हणजे पुरावाही पुसला जायचा. जीडीबी ब्रेकपॉइंटच्या प्रत्येक विनंतीत २ की ४ हे सांगत होता. तो शेवटचा आकडा मी वाचतच नव्हतो. मैत्रिणीचा मूळ कोड परत ठेवला आणि तिची माफी मागितली.

हे सुधारल्यावर क्यूईएमयू या आभासी यंत्रावर सगळ्या चाचण्या पार पडल्या. खऱ्या बोर्डावर मात्र ब्रेकपॉइंट अधूनमधून चुकायचे. प्रोसेसरमध्ये सूचनांची कॅश वेगळी असते. मी मेमरीत ईब्रेक लिहिला तरी त्या कॅशमध्ये जुनीच सूचना उरायची. लिहून झाल्यावर ‘फेन्स-आय’ ही सूचना द्यावी लागते, ब्रेकपॉइंट काढतानाही. क्यूईएमयू कॅशची नक्कल करत नाही, म्हणून ही उणीव तिथे दिसलीच नाही.

तिसरी ठेच पॅकेज करताना लागली. जीडीबीचं डेबियन पॅकेज ज्या मशीनवर बांधलं, तिथे एक्स्पॅट लायब्ररी नव्हती. बांधणीआधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने न थांबता ती वगळली आणि पॅकेज तयार झालं. बोर्ड आपल्या रजिस्टरांची यादी एक्सएमएलमध्ये पाठवतो. ती वाचायला एक्स्पॅट लागते. बोर्डाशी जोडणी करताना इशाऱ्याची एक ओळ यायची, ती कुणी वाचली नाही, आणि आमच्या चिपची खास रजिस्टरं दिसेनाशी झाली.

हे काम हाती घेणाऱ्यांना माझं सांगणं असं:

१. प्रोग्रामवर बोट ठेवण्याआधी तो संक्षिप्त सूचनांशिवाय कंपाइल करून पाहा. दोष नाहीसा झाला, तर आधी ब्रेकपॉइंटची लांबी तपासा.

२. उत्तरं आधीच ठाऊक असलेला छोटा प्रोग्राम लिहा. २ आणि ४ बाइटच्या सूचना त्यात आलटूनपालटून ठेवा, प्रत्येकीवर ब्रेकपॉइंट लावा. तो लावलेला असतानाच पुढचे बाइट स्टबमधून छापून बघा, थांबल्यानंतर नाही.

३. आभासी यंत्रावर पास झालेली प्रत्येक चाचणी खऱ्या बोर्डावर पुन्हा चालवा.

४. कॉन्फिगरला ‘विथ-एक्स्पॅट’ असं स्पष्ट सांगा. मग लायब्ररी नसेल तर बांधणी तिथेच थांबते. बांधणीला लागणारं सगळं पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये नोंदवा.

५. पॅकेज रिकाम्या, स्वच्छ व्यवस्थेत बांधा आणि दुसऱ्या कोऱ्या मशीनवर बसवून बोर्डाला जोडून पाहा. स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं हा पुरावा नव्हे.

डीबगर जे दाखवतो त्यावर माणसं विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासावर दुसऱ्याचं काम चुकीचं ठरवतात. म्हणून नव्या बोर्डावर मी पहिला प्रोग्राम चालवतो, तो डीबगरची परीक्षा घेणारा.