नागरिक, वृत्तपत्रे आणि आंतरराष्ट्रीय करार
(बदलापूरच्या घटनेच्या आधारे शिक्षकांसाठी नागरिकशास्त्राचा अभ्यास)

अभ्यासाचा हेतू

नागरिकशास्त्र शिकविताना आपण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा व लोकसभा अशी पायरीपायरीने मांडणी करतो. ती आवश्यकच आहे. परंतु तेवढ्यावरून विद्यार्थ्यांची अशी समजूत होण्याचा संभव असतो, की मतदानाचा दिवस सोडला तर राज्यकारभारात नागरिकाला काही काम उरत नाही. वस्तुतः दोन निवडणुकांच्या मधल्या काळात शासनावर तीन शक्तींचा प्रभाव सतत पडत असतो : जागृत नागरिक, वृत्तपत्रादी माध्यमे आणि आंतरराष्ट्रीय संस्था. या शक्तींचे सामर्थ्य कशात आहे व त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे आपल्या जिल्ह्यातील एका घटनेवरून पाहावयाचे आहे. ही घटना लहान मुलांना सांगण्यासाठी येथे घेतलेली नाही; शिक्षकांनी ती स्वतः अभ्यासावी, एवढाच उद्देश आहे.

घटना

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका खाजगी शाळेतील शिशुवर्गाच्या दोन बालिकांवर शाळेच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला व दुसऱ्या दिवशी आरोपीस अटक झाली. २० ऑगस्ट रोजी सकाळी शाळेपुढे जमलेला जनसमुदाय बदलापूर रेल्वे स्थानकात शिरला आणि सायंकाळपर्यंत त्याने रेल्वेमार्ग अडवून धरला.

नागरिक व शासन

त्याच दिवशी शासनाने विशेष तपास पथक नेमले व तीन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले. दुसऱ्या दिवशी शालेय शिक्षण विभागाने सर्व शाळांसाठी आदेश काढला : शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी सावित्री समिती कार्यान्वित करावी. यांतील काही गोष्टी नव्या नव्हत्या. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ मध्येच झाला होता. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. लोकमताचे बळ पुष्कळदा नवा नियम निर्माण करण्यापेक्षा कागदावर असलेला नियम अमलात आणण्यास अधिक उपयोगी पडते.

वृत्तपत्रे व न्यायालय

वृत्तपत्रांतून आलेल्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व २२ ऑगस्ट रोजी सुनावणी केली. पुढे शाळांतील बालकांच्या सुरक्षिततेविषयी उपाय सुचविण्यासाठी न्यायालयाच्या दोन निवृत्त महिला न्यायाधीशांच्या नेतृत्वाखाली समिती नेमण्यात आली. पीडित बालकांच्या पालकांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. बातमीनेच ते कार्य केले.

तथापि वृत्तपत्रांवरही कायद्याचे बंधन आहे. पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब वा शाळा यांची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल असल्यामुळे हे बंधन आपणा सर्वांना लागू आहे, हे गावातील पालकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय कराराचा धागा

ज्या कायद्यान्वये हा गुन्हा नोंदला गेला, तो ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ होय. व्यवहारात त्यास ‘पॉक्सो’ म्हणतात. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याच्या प्रास्ताविकात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा स्पष्ट उल्लेख आहे. ही संहिता संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली व भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली.

संयुक्त राष्ट्रांचा कोणी शिपाई आपल्या गावात येत नाही. मग अशा संहितेचा प्रभाव पडतो कसा? राष्ट्र वचन देते. त्या वचनानुसार संसद कायदा करते. त्या कायद्याचा आधार घेऊन पालक पोलीस ठाण्यात जातो. पीडित बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, असे जे कलम आहे, त्यात बालकाचे म्हणणे आदराने ऐकण्याचे त्या संहितेतील तत्त्वच उतरले आहे.

प्रभावाच्या मर्यादा

या शक्तींना मर्यादाही आहेत. रेल्वे अडविली गेली तेव्हा सहस्रावधी प्रवाशांचे हाल झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला व अनेकांना अटक झाली. पुढे २४ ऑगस्ट रोजी विरोधी पक्षांनी महाराष्ट्र बंद पुकारला असता उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी त्यास मनाई केली, आणि पक्षांनी बंदऐवजी मूक निदर्शने केली. शासनाला जागे करण्याचा अधिकार नागरिकांना आहे. तो बजावताना इतरांचे हक्क तुडविले जाऊ नयेत, हे लोकशाहीचे पथ्य आहे.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असतानाच आरोपी गोळीबारात मरण पावला. खटला चालून पुराव्यांची पारख होण्याची वाट बंद झाली. लोकक्षोभ न्यायाची मागणी करू शकतो. परंतु न्याय देणे हे न्यायालयाचेच काम आहे.

वर्गातील मांडणी

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हाच विषय नदीच्या उदाहरणाने शिकवावा. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी मिसळून ती दूषित झाली. ‘वनशक्ती’ या संस्थेने २०१३ मध्ये उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने स्थानिक संस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना जबाबदार धरून भरपाईचा आदेश दिला. हे न्यायाधिकरण ज्या २०१० च्या कायद्याने स्थापन झाले, त्याच्या प्रास्ताविकातही १९७२ ची स्टॉकहोम व १९९२ ची रिओ या आंतरराष्ट्रीय परिषदांचा उल्लेख आहे. मुलांकडून फळ्यावर ‘नागरिक – वृत्तपत्र – न्यायालय – शासन’ अशी साखळी काढून घ्यावी व प्रत्येक कडीने काय केले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावे. आदेश झाला म्हणजे नदी स्वच्छ झाली असे होत नाही, हेही त्यांनी नदीकडे पाहूनच ओळखावे.

शिक्षकाचे कर्तव्य

बालकावर अत्याचार झाल्याचे कळले अथवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळविणे हे पॉक्सो कायद्याने प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक केले आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत व हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कारणास्तव गुन्हा दाखल झाला. शाळेची अब्रू बालकाच्या सुरक्षिततेहून मोठी नाही. मुलांसाठी असलेला १०९८ हा मदतक्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा, तक्रारपेटी दर आठवड्यास उघडावी, आणि बालक काही सांगू पाहत असेल तर हातातील खडू बाजूला ठेवून त्याचे ऐकावे. करार, कायदे व आदेश यांचा शेवट अखेर या ऐकण्यातच व्हावयाचा असतो.

केंद्रस्तरीय चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील सखी सावित्री समितीची शेवटची बैठक केव्हा झाली व तीत कोणते निर्णय झाले?
२. गावातील एखादा नियम लोकमतामुळे अमलात आल्याचे उदाहरण द्या.
३. बातमी व अफवा यांतील भेद सातवीच्या विद्यार्थ्यांस कोणत्या उपक्रमाने शिकविता येईल?