भगवा झेंडा

वारीत वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते. ती भगवी. भगवा म्हणजे कावेचा रंग. संन्याशाची वस्त्रे याच रंगाची. 'मी घरदार, धनदौलत सोडली,' असे हा रंग सांगतो.

मराठ्यांनी हाच रंग झेंड्याला घेतला. झेंड्याची एक कड काठीला. दुसरी कड मधे कापलेली. म्हणून वाऱ्यावर दोन टोके फडकतात. मानाच्या झेंड्याला जर लावीत. तो जरीपटका.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आपले कोल्हापूरचे राज्य मात्र इंग्रजांच्या अमलाखाली टिकले. त्याचा झेंडा भगवाच होता. १ मार्च १९४९ रोजी हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाचे राज्य गेले, प्रजेचे आले.

आता कचेरीवर तिरंगा असतो. घटना समितीने तो २२ जुलै १९४७ रोजी ठरवला. त्याचा वरचा पट्टा केशरी. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचा अर्थ त्याग असाच सांगितला.

बाबांनो, झेंडा उंच धरणे सोपे. पण वर त्यागाचा रंग आणि खाली शेजाऱ्याचा बांध कोरायचा, हे शोभते का?

सांगा पाहू :
१. भगवा रंग काय सांगतो?
२. जरीपटका कशाला म्हणतात?