एक गाभा, अनेक वितरणे

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स ही अशीच एक खुली प्रणाली आहे. तिच्या काही वितरणांची तुलना या पाठात केली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली लिनक्सचा गाभा तयार केला. १९९२ साली त्याने तो एका खुल्या परवान्याखाली दिला. त्यामुळे कोणालाही तो वाचण्याची, सुधारण्याची आणि इतरांना देण्याची मुभा मिळाली.

परंतु नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. लिहिण्यासाठी, चित्रे पाहण्यासाठी, हिशेब करण्यासाठी वेगवेगळे प्रोग्रॅम लागतात. गाभा आणि हे प्रोग्रॅम मिळून जो संच तयार होतो, त्याला वितरण म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे १९९३ साली सुरू झाली. फेडोरा २००३ साली सुरू झाले. डेबियनच्या आधारावर २००४ साली उबुंटू तयार झाले.

गाभा एकच आहे, मग फरक कशात आहे? मोठा फरक प्रोग्रॅम आणण्याच्या रीतीत आहे. प्रत्येक प्रोग्रॅम एका गठ्ठ्यात बांधलेला असतो. त्याला पॅकेज म्हणतात. शीरखुर्मा करायचा असेल, तर नुसत्या शेवया आणून चालत नाही. दूध, साखर आणि खारीकही लागते. तसेच एका पॅकेजला दुसऱ्या पॅकेजची गरज असते. स्लॅकवेअरमध्ये ही गरज वापरणाऱ्याने स्वतः ओळखायची असते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘ॲप्ट’ हे साधन आणि फेडोरामध्ये ‘डीएनएफ’ हे साधन लागणारी सर्व पॅकेजे शोधून आणते. पॅकेजवरचा शिक्का खरा आहे की नाही, हेही ते तपासते.

दुसरा फरक वेगाचा आहे. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तिच्यातील प्रोग्रॅम थोडे जुने, पण पारखलेले असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र तिला वेळोवेळी मिळत राहतात.

या संथपणाचे मोल मार्च २०२४ मध्ये कळले. ‘एक्सझेड’ हा फाइली लहान करणारा प्रोग्रॅम आहे. त्याच्या कामात दीर्घकाळ मदत करून विश्वास मिळवलेल्या एका व्यक्तीने त्यात गुपचूप चोरवाट ठेवली. ही नवी आवृत्ती डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये पोहोचली. शिक्का खरा होता, पण माल खोटा होता! डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र जुनाच एक्सझेड होता, म्हणून ती वाचली.

ही चोरवाट कशी सापडली? दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. इतक्या लहान गोष्टीकडे त्याने दुर्लक्ष केले नाही. प्रोग्रॅम खुला होता, म्हणून त्याला कारण शोधता आले. २९ मार्च रोजी त्याने ही गोष्ट सर्वांना कळवली आणि वितरणांनी ती आवृत्ती मागे घेतली.

म्हणून वितरण निवडताना काम पाहावे. ज्या संगणकावर अनेकांचे व्यवहार अवलंबून आहेत, त्याला स्थिर वितरण बरे. नवे शिकायचे असेल, तर फेडोरासारखे वितरण चांगले. मात्र गठ्ठा कोणी बांधला आणि कोणी तपासला, हे विचारायला विसरू नये.

शब्दार्थ
गाभा – आतील मुख्य भाग
मुभा – परवानगी
पारखलेले – तपासून घेतलेले
चोरवाट – लपवलेला रस्ता

स्वाध्याय
१. वितरण म्हणजे काय?
२. स्लॅकवेअर आणि डेबियन यांच्या पॅकेज आणण्याच्या रीतींतील फरक लिहा.
३. ‘शिक्का खरा होता, पण माल खोटा होता’ असे लेखक का म्हणतो?
४. वाक्यात उपयोग करा : काम भागणे, दुर्लक्ष करणे, मागे घेणे.