काउंटरवरून सेठच्या केबिनमध्ये : नव्या सहायकासाठी चार धडे

कापड बाजारात पूर्वी मुनीम हाच सेठचा उजवा हात असे. हिशेब, पत्रव्यवहार, उधारीची आठवण, सारे त्याच्याकडे. आता हिशेब संगणकावर गेला, पण सेठच्या कामाचा पसारा वाढला. म्हणून आपल्या अनेक पेढ्यांत काउंटरवरच्या किंवा गोदामातल्या एखाद्या होतकरू मुलाला सेठचा खास सहायक म्हणून बसवतात. पगार वाढतो, खुर्ची मिळते. पण कामाची जातच बदलते. काउंटरवर किती तागे विकले यावर माणसाची किंमत ठरते. सहायकाची किंमत ठरते ती सेठने दिलेला शब्द वेळेवर पाळला गेला की नाही, यावर.

भिवंडी-मालेगावचे अनेक मागवाले व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतात. त्यांचे बिल सेठच्या टेबलावर चार दिवस दबून राहिले तर पेढीला काही कळतही नाही. पण तिकडे सुट्टीआधी कामगारांचा पगार वाटायचा असतो. कित्येक घरांची चूल त्या एका सहीवर अडते. सन 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानेही नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, आणि करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. ते बिल वर काढून सहीसाठी पुढे ठेवणे, हेच सहायकाचे खरे काम.

1) वही : डोक्यावर भरवसा ठेवू नये. कोणाला, काय, कोणत्या तारखेला, असे तीन रकाने आखावेत. जीएसटीचे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांसाठी 11 व 20 या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात. ईदचा हंगाम दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. त्या हिशेबाने मालाच्या ऑर्डरीची आठवण सेठला वेळेत द्यावी.

2) मर्यादा : भाव, सूट आणि उधारीची मुदत हा सेठचा अधिकार. दलाल घाई करील, जुनी ओळख सांगेल. "विचारून सांगतो" म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र विचारून सांगितलेच पाहिजे.

3) अमानत : कोणाचा चेक परत आला, कोणता माल कोणत्या भावाने घेतला, हे आता कानावर येणारच. कालचे सोबती चहाच्या टपरीवर सहज विचारतील. दोस्ती कायम ठेवावी, पेढीची गोष्ट पेढीतच ठेवावी.

4) वाईट खबर : गाठी ट्रान्सपोर्टमध्ये अडकल्या, तर ही खबर सेठला गिऱ्हाइकाकडून कळता कामा नये. सहायकाने ती आधी सांगावी, आणि पुढे काय करता येईल तेही सोबत सांगावे.

सेठ लोकांसाठीही दोन शब्द. सहायकाने स्वतःच्या जबाबदारीवर काय करावे आणि काय विचारून करावे, हे पहिल्याच आठवड्यात लिहून द्यावे. रोज सकाळी त्याच्यासोबत 10 मिनिटे बसावे. प्रश्न विचारला म्हणून सर्वांसमोर झिडकारू नये. झिडकारलेला माणूस पुढच्या वेळी विचारत नाही, अंदाजाने काम करतो. आणि अंदाजाच्या कामाचे बिल शेवटी पेढीलाच भरावे लागते.