बर्गरसाठी हरीण कशाला?

सिंदी मेघेत कुणी दारात पिशवी घेऊन आलं आणि आवाज खाली आणून "बाई, जंगलाचं आहे" म्हणालं, तर तिथूनच परत पाठवा. पिशवीत काय आहे, भाव काय, हे विचारूसुद्धा नका.

अमेरिकेतला माझा भाचा मुलाबाळांसह आला होता, तेव्हा माझ्या दारातही अशी पिशवी आली. तिकडे त्यांचा शेजारी परवाना काढून शिकार करतो आणि हरणाचा खिमा यांना देतो. त्याचे बर्गर मुलांच्या फार आवडीचे. "आत्याआजी, इथे तर जंगल जवळ आहे, तू पण कर ना," असं ती चारचौघांत बोलली आणि बोलणं नको त्या कानावर गेलं. मी पिशवी घेतली नाही. पुढे दुसऱ्या एका घरी असंच मटण शिजलं, त्या घरी वनखात्याची माणसं आली. घरातल्या बाईला जबाबासाठी घालाव्या लागलेल्या चकरा मी जवळून पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे.

बोर धरण आपल्यापासून फार लांब नाही. 2014 साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ तिथे टिकतो तो चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर यांच्यावर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांची शिकार करणं आणि त्यांचं मांस विकणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे. साध्या गुन्ह्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड होतो, दोन्हीही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं. "आम्हाला बोकडाचं म्हणून दिलं" एवढं सांगून सुटका होत नाही, कारण मांस ज्याच्या ताब्यात सापडलं त्यालाच स्वतःची बाजू सिद्ध करावी लागते. शिजवलेल्या फोडीवरूनही प्राणी कोणता हे डीएनए तपासणीत कळतं. रोही आणि रानडुकरं पिकाची नासाडी करतात, शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. पण परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचंच असतं, त्याचे वाटे घालता येत नाहीत.

आणि ते जनावर मेलं कशाने? फासात अडकून, कुंपणात सोडलेल्या विजेने, की विषाने? किती तास उन्हात पडून होतं? पिशवी आणणारा यातलं काहीच खरं सांगणार नाही. अमेरिकेतही रानात मारलेल्या हरणाचं मांस शिकाऱ्याला बाजारात विकता येत नाही. दुकानात मिळतं ते पाळीव हरणांचं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. आपल्याकडे अशी पिशवी दिसली तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

आता बर्गरकडे येते. भाच्याला मी खोदून खोदून विचारलं, की त्या हरणाच्या बर्गरात नेमकं काय चांगलं लागतं? त्याच्या उत्तरातून कळलं ते असं. हरणाचं मांस अगदी रोडं, त्यात चरबी जवळजवळ नाहीच. नुसतं भाजलं तर कोरडं, भुरभुरीत होतं. म्हणून तिकडचे लोक त्यात दुसऱ्या जनावराची चरबी मिसळतात, आच सांभाळतात आणि सोबत आंबट-गोड फळांचा मुरंबा देतात. चव या तीन गोष्टींची आहे. बोकडाचं मटणही रोडंच, तेव्हा हे सगळं त्याला जसंच्या तसं लागू पडतं.

मांडीचं मटण 800 ग्रॅम घ्या आणि गुर्द्याभोवतीची पांढरी, घट्ट चरबी 200 ग्रॅम मागून घ्या. मटणवाले ती काढून टाकतात, आधी सांगितलं तर ठेवतात. चरबीऐवजी लोणी घालावं असं पुष्कळांना वाटतं. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, ते चालत नाही. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं, म्हणजे टिक्की थापतानाच ते हाताला लागतं आणि तव्यावर जाण्याआधीच निघून जातं. बोकडाची चरबी मात्र उशिरा वितळते आणि तव्यावर मांसाला आतून ओलं ठेवते.

पांढरे पडदे आणि शिरा काढून टाका, त्या आकसल्या की टिक्की वाकडी होते. मटणाचे तुकडे आणि चरबी अर्धवट गोठेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. एकसारखा फिरवला तर भांडं तापतं, चरबी माखते आणि लगदा होतो. लाईट जाण्याची वेळ असेल त्या दिवशी हा घाट घालूच नका. मटणवाल्याकडून सुऱ्याने बारीक केलेला खिमा आणा आणि गोठवलेली चरबी त्यात किसा.

मीठ खिम्यात कालवू नका, याबद्दल माझा फार आग्रह आहे. मीठ आधी पडलं की मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना चिकटतात आणि टिक्की रबरासारखी होते. मीठ आणि भरडलेले मिरे तव्यावर टाकण्याच्या क्षणी दोन्ही बाजूंना लावा. बेसन, अंडं, कच्ची पपई यांतलं काही नको. बेसनाने कबाब होतो, पपईने खिम्याचं पीठ. फार तर पावाचा एक काप दुधात भिजवून कुस्करा, तो ओल धरून ठेवतो. कांदा परतून, पूर्ण गार करून घाला. आपल्या मसाल्याचा मोह आवरा. भाजलेलं जिरं आणि चिमूटभर दगडफूल पुरतं.

टिक्की पावापेक्षा थोडी मोठी, बोटभर जाडीची, मधोमध अंगठ्याने खळगा केलेली. बिडाचा तवा चांगला तापू द्या. टिक्की टाकली की तीन-चार मिनिटं हात लावू नका. सराट्याने दाबायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. दाबलं की "चर्र" होतं आणि जपून ठेवलेली चरबी तव्यावर जाते. एकदाच उलटा.

एका बाबतीत परदेशी पाककृती ऐकू नका. मध्यभाग गुलाबी ठेवा असं त्यात असतं. अखंड तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत जातात. म्हणून मध्यभाग 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापलाच पाहिजे. रंगावरून ते खात्रीने कळत नाही, स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात तर त्याशिवाय वाढू नका.

मुरंब्यासाठी मी अंबाडीची लाल फुलं गुळात शिजवते. त्यांचा आंबटपणा चरबीला बरोबर कापतो, आणि भाच्याच्या मुलांनी तो पावावर दुसऱ्यांदा मागून घेतला. पावाच्या दुसऱ्या बाजूला लोण्यात कालवलेली जवसाची चटणी लावा, वर कच्च्या कांद्याची चकती. खिमा केला त्याच दिवशी टिक्क्या संपवा. उरणार असतील तर भाजण्याआधीच मध्ये कागद घालून गोठवा, आणि काढाल तेव्हा ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्या.