‘मला जमणार नाही’ : नम्रता की लहान मन?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात आम्ही कोणाला तरी विचारतो, “ताई, पुढच्या रविवारी पहिले वाचन कराल का?” उत्तर बहुधा ठरलेले असते, “नको हो, मला नाही जमणार.” धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक हवे असोत की समूहाच्या बैठकीत कोणी दोन शब्द बोलायचे असोत, उत्तर तेच. आम्ही स्वतःही ते अनेकदा दिले आहे आणि देताना आपण फार नम्र आहोत असे आम्हाला वाटले आहे.

मध्यंतरी एक आई आमच्याजवळ आली. तिची मुलगी वर्गात कधी हात वर करत नाही. बाईंनी कारण विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, “मला नाही जमत. माझ्या आईलापण नाही जमत.” हे सांगताना आईचे डोळे भरून आले. जे वाक्य ती सहज बोलत होती, ते लेकीने वारसा म्हणून उचलले होते. म्हणून आज या वाक्याची नीट तपासणी करू या. सोबतीला घेऊ या संत थॉमस अक्वायनस यांना.

‘मुका बैल’

संत थॉमस यांचा जन्म सुमारे १२२५ साली इटलीतील रोक्कासेक्का येथे झाला. ते डोमिनिकन संघात गेले आणि संत आल्बर्ट यांचे विद्यार्थी झाले. देहाने धिप्पाड, बोलणे अगदी कमी. त्यामुळे सोबतचे विद्यार्थी त्यांना ‘मुका बैल’ म्हणत. परंपरेने असे सांगितले जाते, की त्यांची बुद्धी ओळखून आल्बर्ट गुरुजींनी वर्गाला बजावले, या बैलाचा आवाज एक दिवस साऱ्या जगाला ऐकू जाईल. पुढे १५६७ साली त्याच ‘मुक्या’ थॉमसना ख्रिस्तसभेने ‘धर्मपंडित’ म्हणून गौरवले. वर्गाने ठेवलेले नाव थॉमसनी स्वतःविषयीचे सत्य मानले असते, तर ख्रिस्तसभेचे केवढे नुकसान झाले असते!

लहान मन म्हणजे काय?

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी माणसाच्या दोन चुका दाखवल्या. एक जण स्वतःला आहे त्यापेक्षा मोठा समजतो, दुसरा आहे त्यापेक्षा लहान. संत थॉमसनी हा विचार आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात घेतला आणि दुसऱ्या चुकीला पाप म्हटले. हे वाचून आम्हीही चमकलो होतो. गर्व हे पाप, हे आपण लहानपणापासून शिकलो. पण स्वतःला कमी लेखणे हेही पाप?

त्यांचे म्हणणे असे. सृष्टीतील प्रत्येक गोष्ट आपल्या शक्तीप्रमाणे कार्य करते. जो शक्तीबाहेर उडी मारतो तो मर्यादा ओलांडतो. जो शक्ती असून मागे सरतो तो तिच्या अलीकडेच थांबतो. दोघेही देवाने दिलेल्या मापाला सोडून वागतात. या मागे सरण्याची दोन मुळे ते सांगतात : आपल्या अंगी काय आहे याचे अज्ञान आणि अपयशाची भीती.

आणखी एक गोष्ट ते सांगतात, ती जास्त बोचणारी आहे. लहान मन कधी कधी गर्वातूनही येते. गुरू म्हणतात तुला जमेल, घरचे म्हणतात जमेल, तरी आपण आपल्याच मताला चिकटून राहतो, “नाही म्हणजे नाही!” सर्वांपेक्षा मलाच जास्त कळते, असा हा हट्ट. वरून नम्रता, आतून ताठा.

पुरून ठेवलेला तालांत

याच संदर्भात संत थॉमस मत्तयच्या शुभवर्तमानातील (२५:१४-३०) त्या चाकराकडे बोट दाखवतात, ज्याने धन्याचा पैसा जमिनीत पुरला. आपल्याला वाटते, बिचाऱ्याला एकच तर तालांत मिळाला होता. पण एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर एक तालांत म्हणजे वीस वर्षांची कमाई! शेजाऱ्याचे पाच तालांत पाहून तो आपला एक मोजायचे विसरला असेल का? त्याने स्वतः दिलेले कारण मात्र स्पष्ट आहे : त्याला भीती वाटली. धन्याने त्याला ‘तुझे नुकसान का झाले’ असे विचारले नाही. त्याने काही केलेच नाही, हा त्याचा दोष ठरला.

मग नम्रतेचे काय?

संत थॉमस म्हणतात, दोन्ही एकत्र नांदू शकतात. स्वतःच्या उणिवांकडे पाहिले की माणूस नम्र होतो. देवाने दिलेल्या दानांकडे पाहिले की तोच माणूस मोठ्या कामाला हात घालतो. दान देवाचे आहे हे मान्य केले की ‘मी काय मोठा’ हा प्रश्नच उरत नाही. उलट, मिळालेले दान नाकारणे ही देणाऱ्याविषयीची कृतघ्नता ठरते.

संत थॉमसची रीत वापरून पाहू

‘सुम्मा’मध्ये प्रत्येक प्रश्नाची मांडणी ठरलेली आहे. आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप पूर्ण ताकदीने मांडायचे. मग ‘परंतु’ म्हणून एक उलट पुरावा. मग उत्तर आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाचा समाचार. हीच रीत आपण स्वतःच्या ‘जमणार नाही’ला लावू शकतो. वही घेऊन बसा. वाचन करायला घाबरणाऱ्या ताईंचेच उदाहरण घेऊ.

*आक्षेप १.* माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले.
*आक्षेप २.* माईकसमोर माझा आवाज कापतो.
*आक्षेप ३.* एकदा मी चुकले तेव्हा लोक हसले होते.

*परंतु,* मे महिन्यात क्रूसाजवळच्या रोजरीला ही ताई रोज सर्वांपुढे मोठ्याने प्रार्थना सांगते.

*उत्तर.* जी क्रूसाजवळ बोलू शकते, ती वेदीजवळ वाचायला शिकू शकते. तिच्याकडे वाचा आहे, कमी आहे तो सराव.

*आक्षेपांचा समाचार.* पहिल्याला : वाचनासाठी पदवी लागत नाही, उतारा आठवडाभर आधी घरी चार वेळा वाचावा लागतो. दुसऱ्याला : आवाज कापणे म्हणजे भीती, भीती म्हणजे असमर्थता नव्हे. तिसऱ्याला : लोक एकदा हसले हे खरे, पण त्यावरून ‘नेहमीच हसतील’ हा निष्कर्ष निघत नाही.

कधी कधी असे लिहून काढल्यावर एखादा आक्षेप खराच निघतो. आजारपण असते, घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असते, वेळच नसतो. तेव्हा ‘जमणार नाही’ हे सत्य आहे आणि ते निःसंकोच सांगावे. कोणाचे मन सतत खचलेलेच राहत असेल, तर वहीबरोबर डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. मर्यादा मानणे वेगळे आणि मर्यादा कल्पून घेणे वेगळे. तपासल्याशिवाय कोणती कुठली हे कळत नाही.

खुद्द संत थॉमसनाही मर्यादा होत्या. डिसेंबर १२७३ मध्ये प्रार्थनेतील एका अनुभवानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेले सारे आता काडीकचऱ्यासारखे वाटते, असे ते म्हणाल्याचे सांगतात. मार्च १२७४ मध्ये ते देवाघरी गेले. ‘सुम्मा’ अपुरी राहिली. पण अपुरी राहील या भीतीने त्यांनी ती लिहायला घेतलीच नसती तर? आज साडेसातशे वर्षांनंतरही आपण तिच्यातून शिकत आहोत.

त्या आईने पुढे काय केले, असे तुम्ही विचाराल. ती दारात येऊन म्हणाली, “एक छोटे वाचन द्या. लेकीला समोरच्या बाकावर बसवते.” तिचा आवाज कापला, पण वाचन पूर्ण झाले.

या आठवड्यात चिंतनासाठी

१. ‘मला जमणार नाही’ असे मी कोणत्या कामाबद्दल म्हणतो? ते मला प्रथम कोणी सांगितले?
२. माझा कोणता तालांत मातीखाली आहे?
३. माझ्या तोंडचे कोणते वाक्य माझी मुले उचलत आहेत?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हाला जे दिलेस ते ओळखण्याचा प्रकाश दे आणि ते वापरण्याचे धैर्य दे. आमची भीती आम्ही नम्रतेच्या नावाखाली लपवू नये, एवढी कृपा कर. आमेन.